बरणीतला गुलाबी फेस

मी पायाने दाबायचा पंप बोलतो आहे. दवाखान्याच्या भाषेत मला 'फूट सक्शन' म्हणतात. तिथली आया झुंबरबाई मला नुसते 'भाता' म्हणे, आणि तेच नाव मला अधिक पटते, कारण माझ्या पोटात लोहाराकडे असतो तसाच एक भाता आहे, फक्त रबराचा. लोहाराचा भाता वारा सोडतो, मी ओढतो, इतकाच फरक. बेशुद्ध माणसाच्या घशात साचलेली लाळ, उलटी किंवा रक्त रबरी नळीतून ओढून काचेच्या बरणीत जमा करणे, हे माझे काम.

जे सांगणार आहे त्यातले मी काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, हे आधीच वेगळे करून ठेवतो. १९८४ सालच्या मार्च महिन्यातली एक दुपार मी स्वतः अनुभवली. त्या दुपारी जे बाहेर आले, ते माझ्याच बरणीत आले. त्याच्या थोडे आधी दवाखान्याच्या ओट्यावर काय घडले आणि पुढे एका घरात काय होत राहिले, ते मी १९९८ सालच्या एप्रिलात चांगुणाबाई या बाईंच्या तोंडून ऐकले. त्या भूल देणाऱ्या डॉ. देवानंद यांना सांगत होत्या आणि मी टेबलाखाली होतो. दोन-चार गोष्टी झुंबरबाईच्या बोलण्यातून कळल्या. याखेरीज माझ्याजवळ आधार नाही.

प्रश्न एकच होता. चांगुणाबाईंचा मुलगा पुंजाराम त्या दुपारी गेला, तो आईने दिलेल्या गूळ-पाण्याने गेला का? दवाखान्याने 'होय' म्हटले होते. गावाने ते मान्य केले, सुनेने मान्य केले, आणि चांगुणाबाईंनीही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. १९८१ साली औरंगाबादच्या एका दुकानातून मला विकत घेऊन, एस.टी.च्या टपावर बांधून, वडीगोद्रीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात आणले गेले. दवाखाना हमरस्त्याला लागून होता. पलीकडे अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या वाटेने उसाच्या गाड्या जात, आणि हंगामात हवेलाही गोडसर वास असे. मुंग्यांचे तर राज्यच होते. टेबलावर चहाचा कप विसरला, की तो आठवेपर्यंत मुंग्यांची रांग कपाच्या कानापर्यंत पोचलेली असे.

माझी जागा ऑपरेशनच्या टेबलाखाली, फरशीवर. त्यामुळे मी माणसे चेहऱ्यांवरून ओळखत नाही, पायांवरून ओळखतो. दवाखान्याच्या मालकांचे, म्हणजे थोरल्या डॉक्टरांचे, काळे बूट आणि डाव्या टाचेची झीज मला पाठ होती. झुंबरबाईच्या पायात जोडवी होती आणि टाचांना भेगा. मला दाबायचे काम तिचेच असे, आणि मला दाबताना तिचे तोंडही चालू असे.

"हा भाता माझ्या सासूवानी कुरकुरतो," ती म्हणे, "पण कामाला चुकत न्हाई. सासूचं तेवढं तरी कुठं व्हतं?"

थोरले डॉक्टर मनाने चांगले होते. हाडे बसवणे, टाके घालणे, अडलेली बाई सोडवणे, सगळे एकटेच करत. भूल देणारा वेगळा डॉक्टर त्या काळी त्या रस्त्यावर कुठेच नव्हता. केटामिन नावाचे औषध ते स्वतः टोचत, आणि माणूस डोळे उघडे ठेवून झोपला की हाड ओढून बसवत. त्या औषधाने त्यांना वर्षानुवर्षे साथ दिली होती. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे ऐकून कोणी त्या औषधाला विष समजू नये.

त्या दुपारी उसाची बैलगाडी उलटली आणि गाडीवान पुंजाराम तिच्याखाली आला. हाताचे हाड मनगटाच्या वर मोडले होते. बाकी त्याला खरचटण्यापलीकडे काही नव्हते. तो चांगला दणकट, विशी ओलांडलेला गडी होता. टेबलावर चढताना त्याच्या पायाचा मला धक्का लागला, तेव्हा तो म्हणाला, "हे काय लोखंड ठुलं बाबा हितं? हात मोडला, आता पाय बी मोडता का?"

झुंबरबाई हसली. पुंजारामचे मी ऐकलेले हे पहिले वाक्य. शेवटचेही तेच.

सुई दिली. तो झोपला. थोरल्या डॉक्टरांनी हात ओढायला सुरुवात केली आणि त्याच्या घशातून एक आवाज आला, कोंबडा आरवायला जावा आणि मध्येच त्याचा गळा धरावा तसा. मग आवाजही थांबला. टेबल हलू लागले. वर काय चालले होते ते मला दिसत नव्हते, पण टेबलाच्या पायांतून कळत होते: तो श्वास ओढत होता, छातीचा सगळा जोर लावून ओढत होता, आणि वारा आत जात नव्हता. डॉक्टरांचे बूट डोक्याच्या बाजूला धावले. त्यांनी तोंडावर मुखवटा दाबला आणि हवेची पिशवी पिळली. थोड्या वेळाने घसा सुटला. श्वास आत गेल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, "आला. आला बरं का." झुंबरबाईच्या टाचा फरशीवर टेकल्या.

मला वाटले, झाले. पण काही वेळाने त्याच्या छातीत घरघर सुरू झाली, आणि डॉक्टर ओरडले, "सक्शन!"

झुंबरबाईचा पाय माझ्यावर पडला. मी ओढले. नळीतून जे आले ते हलके होते. उलटी जड असते, तिच्यात शिते असतात, आंबूस वास असतो. रक्त चिकट असते. हे तसे काही नव्हते. फेस होता, गुलाबी फेस. बरणी अर्धी झाली तरी तो येतच राहिला.

"दाबा, झुंबरबाई, दाबा."

"दाबूनच राह्यले की, साहेब. आता काय नाचू याच्यावर?"

हे ती रागाने म्हणाली नाही. ती दाबतच राहिली.

डॉक्टरांनी दाराकडे वळून विचारले, "याला कोणी काही खायला-प्यायला दिलं होतं का?"

दारात चार पाय होते. दोन तरुण, पैंजण घातलेले. ती पुंजारामची बायको पुष्पा, कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. दोन अनवाणी, शेतातल्या मातीने भरलेले. ती आई, चांगुणाबाई. बातमी कळताच त्या उन्हातून चालत आल्या होत्या.

"म्या दिलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "गूळ-पाणी दिलं. उन्हातून आल्ता तो."

मग डॉक्टर म्हणाले, "संपलं. तेच छातीत गेलं."

त्यांनी ते स्वतःला वाचवायला म्हटले, असे मला वाटत नाही. पोटात काही असताना भूल दिली की ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते, हा त्या विद्येतला पहिला धडा आहे, आणि तो खराही आहे. समोर बेशुद्ध माणूस, छातीत पाणी, आणि आई सांगते आहे की गूळ-पाणी दिले. दुसरे काही असू शकते, हे त्या घटकेला कोणाला सुचले असते, मला ठाऊक नाही.

पण एक गोष्ट मी लक्षात ठेवली. त्या वाक्यानंतर सगळ्यांनी माझ्या बरणीकडे पाहिले, आणि सगळ्यांना तिच्यात गूळ दिसला. झुंबरबाई पुटपुटली, "गुळाचंच पाणी की हे." दारातून पुष्पाने वाकून पाहिले. तिने एवढेच विचारले, "आत्याबाई, तुम्ही दिलं व्हय?"

चांगुणाबाई म्हणाल्या, "व्हय."

पुंजारामला जीपमध्ये घालून जालन्याला न्यायला निघाले. अंबडच्या पुढे वाटेतच त्याने प्राण सोडला, असे झुंबरबाईने दुसऱ्या दिवशी कोणाला तरी सांगितले. मी टेबलाखाली तसाच होतो. बरणी कोणी रिकामी केली नव्हती. सकाळी झुंबरबाईने ती उचलली, थोडी थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "याला मुंग्या कशा न्हाई लागल्या?" मग तिने ती मोरीत ओतली, राखेने घासली आणि मला परत लावली.

त्यानंतर दवाखान्यात दोन बदल झाले. ओट्यावरचा पाण्याचा माठ हलवून गेटाबाहेर ठेवला गेला. आणि थोरले डॉक्टर प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना बजावू लागले, "सुईच्या आधी काही देऊ नका. इथल्याच एका बाईनं पोराला गूळ-पाणी दिलं आणि पोरगा हातचा गेला." सांगणे हिताचे होते. त्याने कितीतरी माणसे वाचली असतील. ते नाव घेत नसत. पण आमच्या भागात नाव न घेतलेल्या बाईचे नाव लोकांना अधिक लवकर कळते.

यानंतरचे मी पाहिलेले नाही. ते चांगुणाबाईंनी सांगितले.

तेरवीच्या दिवशी त्यांनी सुनेपुढे ताट ठेवले. पुष्पाने ते बाजूला सरकवले, उठली आणि स्वतः भाकर थापून खाल्ली. भांडण झाले नाही. शब्दही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढेही तेच. एका घरात दोन चुली झाल्या. पुष्पा माहेरी गेली नाही. जमीन इथे होती, मुलगी इथली होती. ती सासूला औषध आणून देई, डोकेदुखीला कपाळ चेपी, शेताचा हिशेब सांगे. फक्त सासूच्या हातचे घोटभर पाणीही घेत नसे. चांगुणाबाईंना काही द्यायचे असले, तर त्या ते स्टुलावर किंवा कोनाड्यात ठेवत आणि बाजूला होत. ते तिथेच राही.

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा देतात, मग पाणी. कोरडे पाणी देऊ नये म्हणतात. ते परक्याला देतात किंवा भांडलेल्याला. चांगुणाबाईंनी घरात गूळ आणणेच बंद केले. पाहुण्याला नुसता तांब्या. गावात त्यांच्या घराला 'कोरड्या पाण्याचं घर' असे नाव पडले. कोणी तिकडे निघाले की पारावरून आवाज येई, "चांगुणाबाईकडं चालला का? मंग हितंच तोंड गोड करून जा."

"राग न्हाई येत," चांगुणाबाई म्हणाल्या. "खरंच हाये ते."

१९९८ पर्यंत मी म्हातारा झालो होतो. थोरले डॉक्टर वारले होते. त्यांचा मुलगा दवाखाना चालवत होता. विजेवर चालणारे नवे सक्शन आले होते, पण विजेचा भरवसा नसल्याने मला टेबलाखालून कोणी हलवले नाही. झुंबरबाई अजून कामावर होती. आणि आठवड्यातून दोन दिवस भूल देण्यासाठी डॉ. देवानंद येत. ते मूळचे वाटूरचे, शिक्षकाचे चिरंजीव. भुलीच्या शास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण त्यांनी नुकतेच पूर्ण केले होते. पायात कापडी बूट, नाड्या दोनदा बांधलेल्या. सुई देण्याआधी ते खाली वाकून मला स्वतः एकदा दाबून पाहत. इतक्या वर्षांत तसे कोणी केले नव्हते. 'बहुधा' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो.

एप्रिलातल्या एका सकाळी पुष्पाला आणले. आता तिला सगळे पुष्पाबाई म्हणत. मुलीचे लग्न होऊन ती जालन्याला नांदत होती. उसाच्या ट्रॉलीवरून पडून पुष्पाबाईंचा उजवा खांदा निखळला होता. पैंजण नव्हते, पाय मात्र मी ओळखले. आणि त्यांच्या मागे, दारात, तेच अनवाणी पाय होते, अधिक वाळलेले.

डॉ. देवानंद यांनी विचारले, "सकाळपासून काही खाल्लंय?"

"काल रातीची भाकर. माझ्या हातची," पुष्पाबाई म्हणाल्या. "सकाळपासून पाणी बी न्हाई."

"नक्की?"

"मला कोण दिऊन राह्यलंय, साहेब? आमच्या घरी कोणी कोणाला काही देत न्हाई."

दारातून चांगुणाबाई म्हणाल्या, "हिला सुई नका देऊ."

"आई, सुईशिवाय खांदा बसवला तर फार दुखेल."

"दुखू द्या. दुखल्यानं माणूस मरत न्हाई. माझं लेकरू याच टेबलावर निजलं व्हतं."

डॉ. देवानंद यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. दुसऱ्या कोणी म्हातारीला बाहेर बसवले असते. त्यांनी झुंबरबाईला स्टूल आणायला सांगितले आणि चांगुणाबाईंना आत बसवले. "काय झालं होतं ते सांगा," ते म्हणाले. "घाई नाही. खांदा थोडा वेळ थांबेल. हो ना, पुष्पाबाई?"

"इतके साल थांबले मी," पुष्पाबाई म्हणाल्या. "खांद्याचं काय."

चांगुणाबाईंनी सांगितले. आवाज चढला नाही, उतरला नाही. बाजारातून काय आणायचे ते सांगावे, तसे सांगितले. पुंजाराम ओट्यावर बसला होता. 'आई, तोंड कोरडं पडलं' म्हणाला. कंपाउंडरने काही खाऊ-पिऊ नको असे त्याला सांगितले होते म्हणे, पण त्या नंतर आल्या होत्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. पदराच्या गाठीत गुळाचा खडा होता. तो त्याच्या तोंडात घातला आणि माठातले दोन घोट पाजले.

"खडा गिळला त्यानं?"

"तोंडात धरला. मंग आतून हाक आली. थुंकला का गिळला, ते मला ठाव न्हाई. लई याद करून पाह्यलं. कधी थुंकल्यावानी दिसतो, कधी गिळल्यावानी."

"उलटी झाली होती का? घरघर होण्याआधी?"

झुंबरबाई म्हणाली, "उलटी न्हाई झाली. आधी त्याचा गळाच बंद झाला. कोंबड्यावानी आवाज आला आन् बंद. लई जोर करू लागला, आख्खं टेबल हाललं. मंग सुटला. मंग बऱ्याच वेळानं ते पाणी."

डॉ. देवानंद यांचे बूट स्थिर झाले. "ते पाणी कसं होतं, मावशी? नीट आठवा."

"गुळाचंच..." झुंबरबाई थांबली. "थांबा. बरणी म्याच धुतली व्हती. फेस व्हता. गुलाबी. दुसऱ्या दिवशी सकाळी बी तसाच उभा व्हता, ताकावरल्या लोण्यावानी. गुळाचं पाणी असं उभं राहत न्हाई." मग ती हळू म्हणाली, "मुंगी बी एक न्हवती त्याला. साहेब गूळ म्हणले, म्हणून मला बी गूळच दिसला."

"मुंग्यांवरून काही सिद्ध होत नाही," डॉ. देवानंद म्हणाले. "पण फेसावरून बरंच कळतं."

नंतर त्यांनी चांगुणाबाईंना विचारले, "आई, तुमच्या विहिरीवर मोटार आहे?"

"हाये की."

"पाणी ओढायचं खालचं तोंड, तो फूटव्हॉल्व्ह, गाळात रुतला आणि वर मोटार चालूच राहिली, तर पाइपाचं काय होतं?"

"चेपतो. चिपाड होतं त्याचं."

"कारण मोटार ओढत राहते आणि आत काही येत नाही. तुमच्या मुलाचं बहुधा तसंच झालं. भुलीच्या औषधानं फार क्वचित, हजारात एखाद्याचं, घशातलं दार घट्ट मिटतं. अशक्त माणूस जोर करत नाही. पुंजाराम दणकट होता. त्यानं बंद दारावर छातीचा सगळा जोर लावून श्वास ओढला. वारा आत येईना, तेव्हा फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांतलं पाणीच ओढलं गेलं. दार नंतर उघडलं, पण तोवर फुप्फुसं भरली होती. त्या पाण्याचा गुलाबी फेस होतो. ते बाहेरून आलेलं पाणी नव्हतं, आई. त्याच्याच अंगातलं होतं."

"म्हंजी माझा गूळ न्हवता?"

"बहुधा नव्हता."

"बहुधा म्हंजी?"

"म्हणजे मी तिथं नव्हतो."

चांगुणाबाईंनी विचारले, "रुपयातले किती आणे न्हवता?"

मला वाटले, आता हे डॉक्टर सोळा म्हणतील. म्हातारीला सोळा आणे सांगायला काय जात होते? पण ते म्हणाले, "चौदा आणे. पंधरासुद्धा म्हणेन."

"आन् ऱ्हायलेला आणा?"

"तो मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही."

टेबलावर पुष्पाबाई इतका वेळ निजून ऐकत होत्या. त्यांनी काय ऐकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले, हे मला दिसले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, सुई द्या आता. खांदा लई दुखून राह्यलाय."

चांगुणाबाईंनी या वेळी नको म्हटले नाही. त्या उठून पडद्याबाहेर गेल्या. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. ते जागचे हलले नाहीत. झुंबरबाईने एक पाय माझ्यावर तयार ठेवला. सुई दिली. श्वास आला, गेला, आला, गेला. खांदा बसल्याचा आवाज झाला. मी ओढली ती थोडी लाळ, बस.

चांगुणाबाईंना रडू येईल असे मला वाटले होते. त्या रडल्या नाहीत. मी वाट पाहिली. इतकी वर्षे एखादे ओझे डोक्यावर असले, की ते उतरवल्यावरही मान काही वेळ तशीच राहते, असे झुंबरबाई नंतर कोणाला तरी म्हणाली. ते खरे असावे.

पुढचे सांगण्याआधी माझी आजची स्थिती सांगतो. मी आता दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे, मोडक्या खाटेखाली. भात्याला चीर गेली आहे. नळी कोणीतरी मोटारसायकलचे पेट्रोल काढायला नेली ती परत आणली नाही. बरणी मात्र शाबूत आहे. मला पुन्हा कामाला घ्या, असे माझे म्हणणे नाही. माझ्याहून चांगली यंत्रे आली आहेत. जी माणसे त्या यंत्रांजवळ उभी राहतात, त्यांना एकच विनंती आहे: बरणीत काय आहे ते कोणी सांगितले, तरी ओतून टाकण्याआधी ती एकदा उजेडाकडे धरा. कान डोळ्यांच्या आधी पोचतात, आणि मग डोळे कानांचेच ऐकतात. सुईच्या आधी मात्र काही देऊ नका. तो नियम बरोबरच आहे.

आता त्या दिवसाचे उरलेले. पुष्पाबाईंना टेबलाशेजारच्या खाटेवर हलवले. उजवा हात छातीशी बांधला होता. डाव्या हाताला फळी बांधून सलाईन लावले होते. डॉ. देवानंद सांगून गेले, की पूर्ण शुद्धीवर आल्या की थोडे थोडे पाणी द्यायला हरकत नाही. दुपारी खोलीत दोघीच होत्या. चांगुणाबाईंनी पाण्याचा पेला आणला. नेहमीप्रमाणे स्टुलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे त्या भिंतीपाशी मागे सरकल्या.

खाट करकरली. मग पुष्पाबाईंचा आवाज आला, अजून भुलीने जड असलेला.

"आत्याबाई, दोन्ही हात अडकलेत."

अनवाणी पाय हलले नाहीत.

"आन् हे काय," पुष्पाबाई म्हणाल्या, "कोरडंच दिऊन राह्यल्या का?"

मग ते अनवाणी पाय बाहेर गेले. झुंबरबाईच्या डब्यात भाकरीबरोबर गूळ असे, पण त्या तिच्याकडे गेल्या की रस्त्यापलीकडच्या दुकानात, हे मी पाहिलेले नाही. त्या परत आल्या. खाटेला लागून उभ्या राहिल्या. त्यांच्या टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या, वाकून कोणाच्या तोंडापर्यंत हात न्यावा तशा. थोड्या वेळाने पेला स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला. तो भरलेला होता की रिकामा, ते आवाजावरून मला ओळखता आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलाच्या पायाशी मुंग्यांची रांग होती. सलाईन साखरेचे होते. सुई काढताना त्याचा एखादा थेंब तिथे सांडला असेल. मुंग्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी डॉ. देवानंद यांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या कशाला लागल्या होत्या, याची खात्री मला अखेरपर्यंत करता आली नाही.